हमीपत्र नवऱ्याचे, हक्क बायकोचा



मागच्या महिन्यात रविवारची वंदना आटोपल्यावर विहारात एक काका थांबून राहिले. हातात प्लास्टिकची फाईल. कारखान्यातून निवृत्त झालेले, पेन्शनवर घर चालवणारे. म्हणाले, "ताई, पोरीचं लग्न झालं, जावई अमेरिकेत आहे, तिथला नागरिक आहे. पोरीच्या व्हिसाचं काम सुरू आहे. व्याह्यांनी साडेतीन लाख मागितले. स्पॉन्सरचा खर्च आहे म्हणतात. एवढा पैसा लागते का जी?"

फाईल उघडून पाहिली. नोंदणी विवाहाचा दाखला, लग्नातले फोटो, पासपोर्टची झेरॉक्स, आणि व्याह्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले एका फॉर्मचे पहिले पान. फॉर्म आय-८६४, ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट. मराठीत सांगायचे तर पत्नीच्या पालनपोषणाचे हमीपत्र. काकांची समजूत अशी, की जावई सरकारकडे आपल्या पोरीसाठी हमी भरतो आहे, म्हणजे तो आपल्यावर उपकार करतो आहे, आणि उपकाराची किंमत मागितली तर चूक काय?

मित्रांनो, हा लेख त्या समजुतीच्या विरोधात आहे. हे हमीपत्र उपकार नाही. तो एक करार आहे, आणि त्या करारात हक्क आपल्या मुलीचा आहे. पण हा कागद कोण भरू शकतो आणि कोण भरू शकत नाही, हे पाहिले की दुसरी बाजूही दिसते. दोन्ही बाजू मांडणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्या समाजातली शिकलेली मुले-मुली आता मोठ्या संख्येने परदेशात जात आहेत आणि हे कागद आपल्या घरात येऊ लागले आहेत.

आधी साडेतीन लाखांचा हिशेब. अमेरिकन नागरिकाला पत्नीसाठी जो पहिला अर्ज करावा लागतो, त्याची फी एप्रिल २०२४ पासून कागदी अर्जाला ६७५ डॉलर आणि ऑनलाइन अर्जाला ६२५ डॉलर झाली. पुढे इमिग्रंट व्हिसाच्या अर्जाचे ३२५ डॉलर. हमीपत्र तपासण्याचे १२० डॉलर. ग्रीन कार्ड तयार करण्याचे २३५ डॉलर. सगळे मिळून १,३५५ डॉलर होतात. डॉलरला पंच्याऐंशी रुपये धरले तर सव्वा लाखाच्याही आत. त्यावर वैद्यकीय तपासणी आणि मुंबईच्या वाऱ्या. ज्याला व्याही "स्पॉन्सरचा खर्च" म्हणतात, त्या हमीपत्राचा सरकारी खर्च फक्त १२० डॉलर, म्हणजे दहा हजार रुपयांच्या आसपास. मग उरलेले पैसे कशाचे? मी काकांना सरळ शब्दांत सांगितले, काका, याला हुंडा म्हणतात. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात लग्नापूर्वी, लग्नात किंवा लग्नानंतर कधीही लग्नाच्या संबंधाने मागितलेला पैसा हुंड्यातच मोडतो. त्याला स्पॉन्सर म्हटल्याने त्याचे नाव बदलते, गुन्हा बदलत नाही.

आता मूळ कागदाकडे येऊ. १८८२ साली अमेरिकेने दोन कायदे केले. एका कायद्याने चिनी मजुरांना दार बंद केले. दुसऱ्याने ठरवले, की जो माणूस स्वतःचा सांभाळ करू शकणार नाही, सरकारवर भार होईल, त्याला उतरू द्यायचे नाही. वंशाचा अडसर आणि गरिबीचा अडसर एकाच वर्षी जन्माला आले. पहिला १९४३ मध्ये रद्द झाला. दुसरा आजही आहे. पूर्वी बंदरावरचा अधिकारी माणसाकडे पाहून ठरवायचा की हा भार होईल का, आणि एकट्या आलेल्या बाईकडे तो जास्त संशयाने पाहायचा. १९९६ मध्ये कायदा बदलला आणि तेव्हापासून कुटुंबीयांना बोलावणाऱ्याने सही करायचे हे हमीपत्र कोर्टात बजावता येईल असे बंधनकारक झाले.

अट अशी आहे. बोलावणाऱ्याचे उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के पाहिजे. फक्त सैन्यात सक्रिय सेवेत असलेल्याला बायको-मुलांसाठी १०० टक्के चालते. नवरा-बायको अशा दोघांच्या कुटुंबासाठी २०२५ चा आकडा होता वर्षाला २६,४३७ डॉलर. आयकराचा ताजा परतावा, नोकरीचे पत्र, पगाराच्या स्लिपा जोडायच्या. कुटुंबात माणसे जास्त असतील तर आकडा वाढतो. आधी कोणाची हमी घेतली असेल आणि ती अजून संपली नसेल, तर तो माणूसही मोजला जातो.

आपल्या डोळ्यासमोर अमेरिकेतला माणूस म्हणजे सॉफ्टवेअर इंजिनीअर असतो, त्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण तिथे केंद्र सरकारने ठरवलेले किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. आठवड्याला चाळीस तास आणि वर्षाचे बावन्न आठवडे एकही सुट्टी न घेता राबले तर होतात १५,०८० डॉलर. म्हणजे जो देश स्वतः सांगतो की या मजुरीवर माणसाला राबवून घेणे कायदेशीर आहे, तोच देश सांगतो की या मजुरीवर राबणाऱ्याने बायको आणू नये. अनेक राज्यांत किमान वेतन याहून जास्त आहे हे खरे. पण ज्या राज्यांत नाही, तिथला मजूर काय करणार?

ब्रिटनमध्ये हे अधिक उघडपणे झाले. २०१२ मध्ये तिथे परदेशी जोडीदार आणण्यासाठी वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्नाची अट आली. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अट तत्त्वतः वैध ठरवली, पण मुलांच्या हिताचा आणि उत्पन्नाच्या इतर मार्गांचा पुरेसा विचार झालेला नाही असेही म्हटले. तरी ११ एप्रिल २०२४ पासून अट २९,००० पौंडांवर नेली गेली. त्याच महिन्यात तिथले किमान वेतन तासाला ११.४४ पौंड झाले. चाळीस तासांचा आठवडा धरला तर वर्षाचे होतात सुमारे २३,८०० पौंड. पूर्णवेळ काम करणारा किमान वेतनाचा कामगार तिथेही अपात्रच. उत्पन्न नसेल तर बँकेत ८८,५०० पौंड दाखवा, हा दुसरा मार्ग. ज्याच्याकडे एवढी शिल्लक आहे तो किमान वेतनावर काम कशाला करील?

आणि असे असलेच पाहिजे असेही नाही. कॅनडात पती किंवा पत्नीला बोलावताना सहसा किमान उत्पन्नाची अट नाही. तीन वर्षे तिच्या गरजा भागवण्याचे लेखी वचन द्यावे लागते. म्हणजे जबाबदारी आहे, पण उत्पन्नाची चाळणी नाही. जगातला एक श्रीमंत देश हे करू शकतो, मग बाकीच्यांना का जमत नाही, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

यावर एक युक्तिवाद हमखास येतो, आणि तो आपल्यातले तिथे स्थिरावलेले लोकही करतात. "त्या देशातल्या करदात्यांनी तुमच्या बायकोला का पोसावे?" प्रश्न रास्त आहे, उत्तर दिले पाहिजे. पहिली गोष्ट, अमेरिकेत १९९६ च्याच दुसऱ्या कायद्याने नव्या ग्रीन कार्डधारकाला केंद्राच्या बहुतेक गरिबी-योजनांमधून पहिली पाच वर्षे वगळले आहे. करदात्याचा पैसा त्या दाराने आधीच बंद आहे. दुसरी गोष्ट, येणारी बाई हातपाय घेऊन येते, शिक्षण घेऊन येते. ती काम करणार, कर भरणार. पण ब्रिटनच्या नियमात परदेशातून येणाऱ्या जोडीदाराला तिथे मिळणारी भावी कमाई धरत नाहीत. अमेरिकेच्या नियमात तिची इथली नोकरी मोजत नाहीत, कारण ती नोकरी सुटणारच असते. म्हणजे बाईच्या श्रमाची किंमत कागदावर शून्य धरायची आणि मग तिला भार म्हणायचे. हा हिशेब आपल्याला नवा नाही. गावगाड्यात राबायचे आपण, आणि "पोसतो" म्हणायचे गावाने.

आता जातीकडे येतो. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे या कागदात मला सर्वात जास्त खटकली ती जॉइंट स्पॉन्सरची तरतूद. नवऱ्याचे उत्पन्न कमी पडले तर अमेरिकेत राहणारा दुसरा कोणी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सही करू शकतो. नातेवाईकच असला पाहिजे असे नाही. कागदावर ही मोठी सवलत वाटते. पण सही करणारा तेवढ्याच जबाबदारीत अडकतो, आणि ती जबाबदारी साधारण दहा वर्षांची असू शकते. स्वतःचा आयकराचा परतावा दुसऱ्याच्या हाती द्यायचा, आणि परक्या बाईच्या पोटापाण्याची हमी घ्यायची. असे तुमच्यासाठी कोण करील? ज्याचा मामा न्यू जर्सीत, चुलता टेक्सासमध्ये, आत्येभाऊ कॅलिफोर्नियात, त्याला एका फोनवर सही मिळते. घराण्यातून परदेशी गेलेला जो पहिलाच मुलगा आहे, त्याने कोणाच्या दारात जायचे? ऑफिसात आडनाव विचारून अंदाज घेणाऱ्यांच्या?

मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीवरचा निबंध वाचला, तेव्हा त्यांनी जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहात दाखवले होते. नाती जातीच्या आत फिरतात, म्हणून विश्वास जातीच्या आत फिरतो, आणि विश्वास फिरतो तिथेच सही मिळते. अमेरिकन कायद्याला जात माहीत नाही. पण त्याने जी सवलत दिली ती उचलण्याचे साधन जातीने आधीच वाटून ठेवले आहे. आणि जातीबाहेर लग्न केले, दोन्ही घरांनी संबंध तोडले, तर सही आणखी दूर जाते. म्हणजे ज्या लग्नांची बाबासाहेबांनी जातीअंतासाठी गरज सांगितली, त्या लग्नांनाच हा कागद सर्वात महाग पडतो.

मालमत्तेचेही तसेच. उत्पन्न कमी असेल तर मालमत्ता दाखवता येते, नागरिकाच्या पत्नीसाठी तुटीच्या तिप्पट. भारतातली मालमत्ताही चालते, पण ती वर्षभरात विकून रोख करता आली पाहिजे. पुण्यात फ्लॅट असलेल्याला हे सोपे. आपल्याकडे काय आहे? बहुतेकांकडे जमीन नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांच्यातल्या कित्येकांची ती हाडकी-हाडोळ्याची. १९५८ च्या कायद्याने वतने गेली, जमिनी परत मिळाल्या त्या सरकारी परवानगीशिवाय विकता येणार नाहीत या शर्तीवर. जमीन लाटली जाऊ नये म्हणून ती शर्त आली, तिचा हेतू मी नाकारत नाही. पण परवानगीसाठी वर्षानुवर्षे कचेरीत खेटे घालावे लागणारी जमीन "वर्षभरात रोख होईल" असे लिहून कोण देणार? वतनाचा इतिहास असा न्यू जर्सीच्या फॉर्मपर्यंत पोहोचतो.

इथवर कागदाची एक बाजू झाली. आता दुसरी, जी काकांना कोणीच सांगितली नव्हती.

या हमीपत्रावर सही केली, पत्नी ग्रीन कार्डधारक म्हणून अमेरिकेत दाखल झाली, की नवरा आणि सरकार यांच्यात करार लागू होतो आणि त्याचा लाभ पत्नीला मिळतो. नवऱ्याने तिचा सांभाळ दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांपर्यंत केला नाही, तर ती स्वतः कोर्टात जाऊन तो मागू शकते. जॉइंट स्पॉन्सर असेल तर त्याच्याकडेही मागू शकते. ती एकटी राहत असेल तर २०२५ चा हा आकडा वर्षाला १९,५६२ डॉलर होता. तिची स्वतःची कमाई वजा करून उरलेला फरक देणे त्याच्यावर बंधनकारक. आणि सर्वात महत्त्वाचे, घटस्फोटाने हे बंधन संपत नाही. ती अमेरिकन नागरिक झाली, तिच्या खात्यावर कामाच्या चाळीस तिमाही जमा झाल्या, ती देश कायमचा सोडून गेली, किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला, तरच संपते. २०१६ मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितले, की लग्नाआधी केलेल्या करारानेही नवरा यातून सुटत नाही. त्याआधी २०१२ मध्ये सातव्या सर्किटने सांगितले होते, की बायकोने नोकरी शोधली नाही एवढ्या कारणावरून हमी देणारा हात झटकू शकत नाही.

मित्रांनो, विचार करा. परदेशात टाकून दिलेल्या, "तुझा इथे काही हक्क नाही" असे ऐकून रिकाम्या हाताने माहेरी परतलेल्या किती मुली आपण पाहिल्या? त्यांतल्या ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड होते, त्यांना देश सोडण्यापूर्वी हे कोणी सांगितले असते तर? कारण कायमचे परत आले आणि ग्रीन कार्ड गेले की हा हक्कही जातो. नवरा विमानाचे तिकीट काढून देतो त्यामागे कधीकधी हेही गणित असते.

मी या हक्काचे अवाजवी कौतुक करत नाही. त्याला मोठ्या मर्यादा आहेत. एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरदार नवऱ्याची अवलंबित म्हणून गेलेल्या बायकोसाठी असे हमीपत्र नसतेच. त्या मुलीला हा आधार नाही. ग्रीन कार्ड मंजूर होण्याआधी नवरा हमी मागे घेऊ शकतो. म्हणजे लग्न होऊन मुलगी इथे वाट पाहत असते तो सगळा काळ दोरी त्याच्या हातात, आणि "पैसे द्या नाहीतर कागद मागे घेतो" ही धमकी नेमकी याच काळात दिली जाते. मात्र नवरा मारहाण करत असेल, छळ करत असेल, तर नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीला त्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज स्वतः करण्याची सोय अमेरिकन कायद्यात आहे, आणि त्या अर्जाला हे हमीपत्र लागत नाही. ही एक ओळ प्रत्येक मुलीला पाठ असायला हवी.

आता आपल्याच घराबद्दल. धम्म स्वीकारला, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, लग्न बौद्ध पद्धतीने लावले, आणि व्याह्याकडे साडेतीन लाख मागितले. यात सवर्णांचा काही हात नाही. मुलगा परदेशी गेला की त्याचा भाव वाढतो, ही रीत आपण कुठून उचलली ते सगळ्यांना माहीत आहे. १९५१ मध्ये हिंदू कोड बिल अडवले गेले आणि बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याची इतर कारणेही होती, पण स्त्रीचा वारसा, पोटगी आणि घटस्फोट हे त्या बिलाचे गाभ्याचे विषय होते. ज्यांच्या नेत्याने स्त्रीच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडले, त्यांच्या घरात सुनेचा हक्क उपकार म्हणून विकला जावा?

म्हणून माझे सांगणे थोडे आहे. मुलीचे लग्न परदेशातल्या मुलाशी ठरत असेल तर तो तिला कोणत्या व्हिसावर नेणार हे साखरपुड्याआधी विचारा. विवाह नोंदणी ताबडतोब करा, दाखल्याची मूळ प्रत मुलीच्या ताब्यात ठेवा. हमीपत्र भरले की त्याची पूर्ण प्रत मुलीने मागून घ्यावी, फक्त पहिले पान नाही, शेवटच्या सहीच्या पानासकट. एक प्रत माहेरी राहू द्या. स्पॉन्सरच्या नावाने पैसे मागितले तर फीची सरकारी पावती मागा. आणि तिथे स्थिरावलेल्या आपल्या बांधवांना विनंती, जयंतीला वर्गणी देता, फार चांगले. पण तुमच्या शहरात नवा आलेला एखादा मुलगा बायकोला आणण्यासाठी सही शोधत असेल, तर कागद नीट वाचून, जबाबदारी समजून, शक्य असेल तर सही करा. ज्यांना मामा-चुलते नाहीत त्यांचे नातेवाईक आपणच आहोत.

१९१३ मध्ये बाबासाहेब अमेरिकेला गेले तेही एका करारावर सही करून. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि त्या बदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. शिष्यवृत्ती एकट्यापुरती होती. रमाई इथेच राहिल्या, ओढाताणीत संसार रेटत. १९१७ मध्ये बाबासाहेब कराराप्रमाणे बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर त्यांना राहायला जागा मिळेना. त्यांनी आपल्या बाजूचा कागद पाळला, समाजाने माणुसकी पाळली नाही. करारात आपले काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, हे वाचायला आपण तिथूनच शिकायला हवे होते.

काकांनी व्याह्यांना पैसे नाहीत म्हणून कळवले. पंधरा दिवस तिकडून फोन आला नाही. मुलीने नवऱ्याकडे हमीपत्राची पूर्ण प्रत मागितली आहे. ती अजून आलेली नाही. गेल्या रविवारी ती स्वतः विहारात आली, फॉर्मच्या सूचना मोबाईलवर काढून घेतल्या होत्या, आणि अडलेल्या शब्दांखाली रेघा मारून आणल्या होत्या. आम्ही दोघी दुपारपर्यंत बसून वाचत होतो.

जय भीम! नमो बुद्धाय!